बीपीची गोळी बंद करायची असेल, तर आधी पाकिटावरची अक्षरं वाचा

बीपीची गोळी आपल्याकडे बंद होते ती बहुतेक वेळा गुपचूप. पाकीट संपतं, मशीनवर १२४/७८ दिसतं, शेजारचं कुणी म्हणतं की या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत, आणि नवं पाकीट आणायचं राहून जातं. पहिले तीन-चार दिवस काहीच होत नाही. उलट घोट्याची सूज उतरते, बरं वाटतं. दोन महिन्यांनी दवाखान्यात १७०/१०० भरतं. गोळी सोडल्याचं सांगायचा संकोच वाटतो, म्हणून डॉक्टर समजतात की चालू औषध पुरत नाही, आणि आणखी एक गोळी लिहून देतात. घाबरून माणूस जुनी आणि नवी दोन्ही एकदम सुरू करतो आणि चार दिवसांनी सकाळी उठताना भोवळ येऊन पडतो.

हे सगळं टाळता येतं. बीपीचं औषध कमी करता येतं, काही जणांचं पूर्ण बंदही होतं. पण त्याला क्रम आहे: गोळीत काय आहे ते ओळखायचं, ती कशासाठी दिली होती ते शोधायचं, घरी आठवडाभर नीट मोजायचं, डॉक्टरांशी उघडपणे बोलून एका वेळी एकच औषध कमी करायचं आणि मग वाट पाहायची. वाट पाहण्यातच सगळ्यात जास्त चुका होतात.

पुढे दिलेले डोस आणि दिवस डॉक्टरांसमोर बसताना तुम्हाला माहीत असावेत म्हणून आहेत. तुमचा ईसीजी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि जुनी फाइल पाहिलेल्या माणसाने ते तुमच्यासाठी ठरवायला हवेत.

कुणाची गोळी सुटू शकते

औषध चालू असताना बीपी नॉर्मल येणं म्हणजे औषध काम करतंय. अ‍ॅम्लोडिपिन रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल ठेवतं. ते अंगातून गेलं की स्नायू पुन्हा आखडतात. त्यामुळे "नॉर्मल आलं" एवढ्यावर गोळी सोडायला आधार नसतो. मधल्या काळात काही बदललं का, हे पाहावं लागतं.

वजन खरोखर उतरलं असेल, जेवणातलं मीठ आणि दारू कमी झाली असेल, बीपी वाढवणारं एखादं औषध बंद झालं असेल, तर शक्यता चांगली. वजनाचा साधा हिशोब असा की किलोमागे वरचं बीपी साधारण १ अंकाने उतरतं. ८ किलो कमी केलेल्या माणसाला अर्धी गोळी कमी होण्याइतकी जागा मिळू शकते. ज्यांचं बीपी मुळात काठावर, १४५-१५० च्या घरात होतं, एकच गोळी लागली होती आणि वर्षभर घरचे आकडे उत्तम आहेत, त्यांनीही विचारायला हरकत नाही. काहींचं निदानच दवाखान्यातल्या धास्तीने वाढलेल्या एक-दोन आकड्यांवर झालेलं असतं. त्यांचं घरी मोजलेलं बीपी कायम चांगलं भरतं.

दुसरा गट वयस्करांचा. ८० च्या पुढचं वय, तीन-तीन गोळ्या, वरचं बीपी ११० च्या आसपास, उभं राहिलं की अंधारी, वर्षात एक-दोनदा पडणं झालेलं. इथे औषध कमी करणं ही गरजच असते. इंग्लंडमध्ये ८० किंवा त्याहून जास्त वयाच्या ५६९ जणांवर असा अभ्यास झाला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांना बीपीची दोन किंवा अधिक औषधं होती आणि वरचं बीपी १५० च्या खाली होतं. निम्म्यांचं एक औषध काढलं. १२ आठवड्यांनी, औषध काढलेल्यांपैकी सुमारे ८६ टक्के आणि न काढलेल्यांपैकी सुमारे ८८ टक्के लोक १५० च्या खालीच होते. काढलेल्या गटाचं वरचं बीपी सरासरी ३ अंकांनी जास्त राहिलं, आणि सुमारे दोन तृतीयांश लोकांना ते औषध पुन्हा लागलं नाही. लक्षात घ्या, हे लोक त्यांच्या डॉक्टरांनी निवडलेले होते, औषध एकच काढलं होतं आणि देखरेख चालू होती.

आता उलट बाजू. हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, स्टेंट किंवा बायपास झाली आहे, पक्षाघात होऊन गेला आहे, हृदयाची पंपिंग कमी आहे, ठोके अनियमित आहेत, किंवा मधुमेहात लघवीतून प्रथिनं जात आहेत, अशांची गोळी बीपीपुरती नसते. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल तिथे मूत्रपिंड आणि हृदय सांभाळायला दिलेलं असतं. मेटोप्रोलॉल ठोके आणि छातीतलं दुखणं आवरायला. बीपी ११८ आहे म्हणून ती काढायची नसते. प्रॅझोसिनसारखी गोळी काही पुरुषांना प्रोस्टेटसाठीही चालू असते, प्रोप्रानोलॉल अर्धशिशीसाठी किंवा हात थरथरतो म्हणून. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: "ही गोळी मला फक्त बीपीसाठी आहे, की आणखी कशासाठी?"

आणि एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. काहीही न बदलता, वजन मुद्दाम न घटवता, बीपी आपोआप खाली यायला लागलं तर खूश होऊ नका. भूक मेली आहे, वजन आपसूक उतरतंय, शौचाला काळं होतंय, दम लागतोय, यातलं काही असेल तर बीपी उतरण्याचं कारण दुसरंच आजारपण असू शकतं. गोळी कमी करावी लागेलच, पण कारण त्याच भेटीत शोधायला हवं.

पाकीट हातात घ्या

चष्मा लावा आणि नावापुढची बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडे बीपीच्या कितीतरी गोळ्या जोडगोळ्या असतात. एका गोळीत दोन किंवा तीन औषधं. 'एएम' म्हणजे बहुधा सोबत अ‍ॅम्लोडिपिन, 'एच' म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवीवाटे पाणी-मीठ काढणारं औषध, 'सीटी' म्हणजे क्लोरथॅलिडोन, 'एलएन' म्हणजे सिल्निडिपिन. खरी काळजी 'एटी' आणि 'एमटी' या अक्षरांची. 'एटी' म्हणजे अ‍ॅटेनोलॉल, 'एमटी' म्हणजे मेटोप्रोलॉल, आणि ही दोन्ही एकदम बंद करायची औषधं नाहीत. अनेकांना वाटत असतं की आपल्याला "साधी अ‍ॅम्लोची गोळी" आहे. पाकीट उलटं केलं की मागे छापलेलं दिसतं: अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, अ‍ॅटेनोलॉल ५० मिलिग्रॅम.

अक्षरं कंपनीगणिक बदलतात, म्हणून शेवटचा शब्द पाकिटाच्या मागच्या घटकांच्या यादीचा. वाचता येत नसेल तर मेडिकलवाल्याकडून कागदावर लिहून घ्या. प्रत्येक औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम, दोन्ही.

जोडगोळीची आणखी एक अडचण: तिचे दोन तुकडे केले की आतली दोन्ही औषधं अर्धी होतात. एकच कमी करायचं असेल तर डॉक्टरांना आधी ती सोडवून दोन सुट्या गोळ्या लिहून द्याव्या लागतात. हे मुद्दाम मागा.

ज्या कधीच एकदम थांबवायच्या नाहीत

नावाच्या शेवटी 'लॉल' आलं की सावध व्हा: अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल, नेबिव्होलॉल. कार्व्हेडिलॉलही त्यातलंच. हृदयावर अ‍ॅड्रेनलिन जिथे चिकटतं त्या जागा ही औषधं अडवून धरतात. महिनोन्महिने जागा अडवल्या की शरीर त्यावर तोड काढतं आणि तशा जागा वाढवतं. एका दिवसात औषध काढलंत तर वाढलेल्या सगळ्या जागा एकदम मोकळ्या होतात. छाती धडधडते, घाम फुटतो, हात कापतात, बीपी आधीपेक्षाही वर जातं. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आधीच अडथळा आहे, त्याला यात छातीत कळ येऊ शकते, झटकाही येऊ शकतो. अडथळा आहे हे माहीत नसलेले लोकही आपल्यात असतात, म्हणून हा नियम सगळ्यांना.

हळूहळू म्हणजे किती? किमान एक ते दोन आठवडे हा खालचा काठ; दीर्घकाळ घेतलेली असेल तर चार आठवडे किंवा जास्त चांगले. एक नमुना पाहा. मेटोप्रोलॉल एक्सएल ५० (एक्सएल म्हणजे औषध दिवसभर हळूहळू सोडणारी गोळी) रोज चालू आहे. दोन आठवडे २५, पुढचे दोन आठवडे १२.५, मग बंद. अ‍ॅटेनोलॉल ५० असेल तर तसंच २५ आणि मग २५ ची अर्धी. प्रत्येक टप्प्यावर बीपीसोबत नाडीही लिहायची. बसल्या जागी नाडी ६८ वरून ७८ झाली तर ते अपेक्षित आहे. ११० झाली, छाती भरून आली, तर मागच्या टप्प्यावर परत जायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. या आठवड्यांत किल्ला चढणं, शेतातलं जड काम, जिममध्ये वजन उचलणं पुढे ढकला.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे दिवसाआड गोळी घेणं. अ‍ॅटेनोलॉलचा अंमल जेमतेम एक दिवस टिकतो. दिवसाआड घेतलंत तर हृदय एक दिवस औषधात आणि एक दिवस औषधाविना राहतं, म्हणजे तीच उसळी दर ४८ तासांनी. डोस लहान करायचा, दिवस गाळायचे नाहीत.

एक्सएल गोळी मधल्या रेषेवर तोडता येते, ठेचून किंवा चावून घेता येत नाही. नाहीतर दिवसभराचं औषध तासा-दोन तासांत अंगात उतरतं. रिटार्ड किंवा एसआर याही अशाच हळूहळू औषध सोडणाऱ्या गोळ्या; ज्या गोळीवर रेषच नाही ती तोडायची नाही. लहान डोसची मागायची.

दुसरं औषध क्लोनिडिन. मूत्रपिंडाच्या रुग्णांना, डायलिसिसवर असलेल्यांना ते बरेचदा असतं, बहुधा १०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवसातून दोन-तीनदा. हे अचानक थांबलं तर १८ ते ७२ तासांत बीपी उसळून २०० च्या वर जाऊ शकतं, सोबत डोकेदुखी, घाम, अस्वस्थपणा. गावाला जाताना डबी घरी राहिली एवढ्यानेही हे घडतं. क्लोनिडिन फक्त डॉक्टरांच्या हाताखाली, एकेक गोळी कमी करत काढायचं. सोबत 'लॉल' असेल तर क्रम ठरलेला आहे: आधी 'लॉल' हळूहळू बंद, काही दिवस जाऊ द्यायचे, मग क्लोनिडिन. उलट केलं तर उसळी जास्त वाईट येते.

बाकीच्या गोळ्या

अ‍ॅम्लोडिपिन, सिल्निडिपिन, टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांची अशी उसळी नसते. ती थांबवली की बीपी दिवसागणिक थोडं थोडं, जिथून सुरू झालं होतं तिकडे सरकतं. तरी डोस अर्धा करून मग बंद करणं बरं, कारण अर्ध्यावर काय होतं ते कळतं: अ‍ॅम्लोडिपिन १० वरून ५, मग २.५, टेल्मिसार्टन ८० वरून ४०, मग २०, प्रत्येक टप्पा चार आठवड्यांचा.

चार आठवडे का? अ‍ॅम्लोडिपिन अंगातून अर्धं जायलाच ३० ते ५० तास लागतात, पूर्ण जायला आठवडा-दीड आठवडा. तिसऱ्या दिवशी १२६/८० पाहून "बघा, गोळीची गरजच नव्हती" म्हणणारा माणूस अजून जुन्याच गोळीवर चाललेला असतो. खरा आकडा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसतो.

टेल्मिसार्टनची गोळी दमट हवेत ओल धरते. पावसाळ्यात अर्धी करून डबीत ठेवलेली गोळी दोन-तीन दिवसांत मऊ पडलेली दिसेल. ती पाकिटातून घ्यायच्या वेळीच काढा. अर्धी लागत असेल तर ४० ची तोडण्यापेक्षा २० ची विकत घ्या.

लघवीच्या गोळ्या, म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड, टोर्सेमाइड, थांबवल्यावर शरीर काही दिवस पाणी धरून ठेवतं. पहिल्या दोन आठवड्यांत घोटे थोडे फुगणं, किलोभर वजन वाढणं होऊ शकतं. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा. तीन दिवसांत २ किलोच्या वर गेलं किंवा आडवं झाल्यावर दम लागला, तर थांबायचं नाही, डॉक्टर गाठायचे. दुसरा मुद्दा पोटॅशियमचा. लघवीची गोळी पोटॅशियम बाहेर टाकते, टेल्मिसार्टन ते धरून ठेवतं. दोघांचा तोल असतो. त्यातली लघवीची गोळी काढली आणि पोटॅशियमचं सिरप मात्र चालूच राहिलं, तर रक्तात ते वाढून ठोके बिघडू शकतात. एक ते दोन आठवड्यांनी सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्या.

प्रॅझोसिन काही दिवस सुटलं असेल तर पुन्हा सुरू करताना जुन्या डोसवर उडी मारू नका. पहिल्याच गोळीने उभं राहताना माणूस कोसळू शकतो. ते सगळ्यात लहान डोसपासून, रात्री झोपताना सुरू करतात.

गोळी बंद करायची इच्छा त्रासामुळे झाली असेल, तर बरेचदा बदलणं पुरतं. अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजतात, तेव्हा डोस कमी करून टेल्मिसार्टन जोडणं किंवा सिल्निडिपिन देणं हा रुळलेला उपाय आहे. रॅमिप्रिल, एनालाप्रिलने कोरडा ढास लागतो. खोकल्याची औषधं पिऊन तो जात नाही, गोळी बदलली की सहसा एक ते चार आठवड्यांत थांबतो. पण त्याच गोळ्यांनी ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर पुढची गोळी अजिबात घ्यायची नाही आणि तडक दवाखाना. हळूहळू कमी करण्याचा नियम तिथे लागू नाही. वयस्कर माणूस क्लोरथॅलिडोन सुरू झाल्यावर गळून गेला, असंबद्ध बोलू लागला, तर सोडियम उतरलं असेल. त्याच दिवशी रक्त तपासा.

कारण पैशाचं असेल तर तेही सांगा. अ‍ॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, जनऔषधी दुकानात अगदी स्वस्त. लाजून बंद करण्यापेक्षा चिठ्ठी बदलून घ्या.

मोजणं

औषध कमी करण्याआधी सात दिवसांची नोंद लागते. मशीन दंडाचं हवं, मनगटाचं नको. दंडाचा घेर ३२ सेंटिमीटरच्या वर असेल तर मोठा पट्टा घ्या. लहान पट्टा जाड दंडावर बीपी खोटं वाढवून दाखवतो. सकाळी उठल्यापासून तासाभरात, लघवीला जाऊन आल्यावर, चहा-तंबाखू-गोळीच्या आधी. खुर्चीला पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीला. पाच मिनिटं गप्प बसायचं. मग एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे, आवडलेला एकच नाही. रात्री जेवणाआधी पुन्हा दोनदा.

सात दिवसांचे २८ आकडे होतात. पहिल्या दिवसाचे चार सोडून द्या, उरलेल्या २४ ची सरासरी काढा. ती १३५/८५ च्या काठावर असेल तर गोळी कमी करायला जागाच नाही. १२० च्या आसपास किंवा खाली असेल तर बोलण्यात अर्थ आहे.

साठीच्या पुढच्यांनी एक चाचणी जादा करावी. पाच मिनिटं आडवं पडून मोजा, मग उभं राहून १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी. वरचं २० किंवा खालचं १० ने उतरलं, तर तो आकडा ठळक लिहून डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात खुर्चीत बसून मोजलेल्या बीपीत हे कधीच दिसत नाही. आणि हे करताना शेजारी कुणीतरी उभं असू द्या.

कमी करायला सुरुवात

दोन-तीन औषधं असतील तर आधी कोणतं काढायचं? सहसा ज्याने त्रास होतोय ते, किंवा सगळ्यात शेवटी वाढवलेलं. आणि ज्याला बीपीखेरीज दुसरं काम आहे ते सगळ्यात शेवटी, किंवा कधीच नाही. एका वेळी एकच. दोन एकदम कमी केली आणि बीपी चढलं, तर कोणतं परत द्यायचं ते कुणालाच कळत नाही.

घरात लग्न, लांबचा प्रवास, वर्षश्राद्ध असलेला महिना टाळा. ऋतूही पाहा. एप्रिल-मेमध्ये घाम आणि उष्णतेमुळे बीपी मुळातच उतरतं; विदर्भ-मराठवाड्यात तर बरंच. मे महिन्यात बंद केलेली गोळी ऑगस्टपर्यंत "लागली नाही" असं वाटतं आणि डिसेंबरच्या थंडीत आकडे वर येतात. उन्हाळ्यात डोस कमी केला असेल तर डिसेंबर-जानेवारीत सात दिवसांची पूर्ण नोंद पुन्हा करा, काही त्रास नसला तरी.

कमी केल्यावर पहिला आठवडा रोज सकाळ-संध्याकाळ मोजा, नंतर आठवड्यातून दोन दिवस. दिवसातून दहा वेळा पट्टा बांधू नका; धास्तीनेच आकडा चढतो. चौथ्या आठवड्यात पुन्हा सात दिवसांची नोंद आणि डॉक्टरांची भेट. पूर्ण बंद झाल्यावर पहिले तीन महिने दर महिन्याला, मग तीन ते सहा महिन्यांनी, आणि पुढे कायम वर्षातून निदान एकदा. बीपी सहा महिन्यांनी किंवा दोन वर्षांनीही परत येतं आणि आल्याचं जाणवत नाही.

या काळात बीपी गुपचूप वाढवणाऱ्या गोष्टी घरातच असतात. गुडघेदुखीसाठी रोजची डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन. सर्दीच्या गोळीतलं फिनाइलेफ्रिन. घसा धरला म्हणून चघळलेलं जेष्ठमध: ते पोटॅशियम उतरवतं आणि बीपी चढवतं, आठवडा-दोन आठवडे रोज घेतलं तर नक्की लक्षात येण्याइतकं. उलट सर्पगंधा असलेल्या गोळ्यांत रेसर्पिन असतं, ते स्वतःच बीपीचं औषध आहे. ते घेत असताना "इंग्रजी गोळी सुटली" असं म्हणता येत नाही, आणि त्याने मन खिन्न होऊ शकतं. घेत असाल तर डॉक्टरांना सांगाच.

मीठ दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट छोटा चमचा. चार माणसांच्या घरात हे महिन्याला ६०० ग्रॅम होतं, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, बेकरीचं सगळं आलं. किलोची पिशवी महिना संपायच्या आत रिकामी होत असेल तर गोळी कमी करण्याआधी तिकडे पाहा. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर ते विचारल्याशिवाय आणू नका.

तात्पुरतं थांबवायचं असतं तेव्हा

जुलाब-उलट्या सुरू आहेत, तापात पाणीसुद्धा पोटात ठरत नाही. अशा दिवशी टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल आणि लघवीच्या गोळ्या चालू ठेवल्या तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. डॉक्टरांना फोन करून त्या थांबवा आणि नीट खाणं-पिणं सुरू झाल्यावर २४ ते ४८ तासांनी पुन्हा चालू करा. पुन्हा चालू करायची तारीख कॅलेंडरवर लिहा, कारण हेच विसरलं जातं. 'लॉल' आणि क्लोनिडिन मात्र या दिवसांतही मनाने थांबवायचं नाही.

ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांना सगळी यादी दाखवा. 'लॉल' बहुधा ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्यासोबत घ्यायला सांगतात. टेल्मिसार्टन-रॅमिप्रिल बरेचदा २४ तास आधी थांबवतात.

दिवस गेले असतील तर टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल बाळाला घातक आहेत. कळल्या दिवशीच डॉक्टरांना भेटून लॅबेटॅलॉल, निफेडिपिन किंवा मिथिलडोपा यांपैकी एकावर बदलून घ्यायचं. मूल हवं असेल तर बदल आधीच करणं उत्तम.

कधी मागे फिरायचं

आठवड्याची सरासरी १३५/८५ च्या वर गेली, आणि ८० च्या पुढच्यांची साधारण १४५/८५ च्या वर, तर डॉक्टरांशी बोलून जो डोस शेवटचा पुरत होता तोच पुन्हा सुरू करायचा. दुप्पट नाही. यात कुणाची हार नाही. आपल्याला किती औषध लागतं ते आता नक्की कळलेलं असतं.

एखादा आकडा १८०/१२० किंवा वर आला तर शांत बसा, पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तरी तेवढाच आणि बाकी त्रास नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर. सोबत छातीत दुखतंय, दम लागतोय, तोंड वाकडं झालंय, हात-पाय लुळा पडलाय, बोलणं अडखळतंय, दिसणं धूसर झालंय, किंवा डोकं कधी नव्हे इतकं दुखतंय, तर १०८ ला फोन करा. निफेडिपिनची गोळी फोडून जिभेखाली ठेवू नका. बीपी एकदम कोसळून मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

बंद केलेल्या गोळीचं एक न उघडलेलं पाकीट, मुदत पाहून, तीन महिने ठेवा. परत लागली तर धावपळ होत नाही. पण ते रोजच्या डब्यात नको, वेगळ्या पाकिटात, वर "बंद" असं मोठ्या अक्षरांत लिहून. आजी-आजोबांच्या घरी तर हे नक्की करा. फाइलच्या पहिल्या पानावर औषधाचं नाव, आधीचा डोस, कमी केल्याच्या आणि बंद केल्याच्या तारखा, का बंद केलं आणि कुणी सांगितलं, एवढं लिहा. उद्या दुसरे डॉक्टर, हृदयाचे किंवा डोळ्यांचे, जुनी चिठ्ठी पाहून तीच गोळी पुन्हा लिहून देतील तेव्हा दाखवायला ते पान लागतं.